संघ गेला, प्रेक्षक राहिले

माल्सुन या नावाचा आमच्या कोरियनमध्ये अर्थ, मुली आता पुरे. मेंगांच्या घरी चौथी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी नाव शोधायला फार डोकं खाजवलं नाही. हेच ठेवलं आणि शेतावर निघून गेले. पुढे पाचवीही मुलगीच झाली, ते सोडा. पण असं नाव घेऊन वाढलेली बाई जगात जरा अंग चोरूनच वावरते. हानछन गावच्या जुन्या बाजारात माल्सुनताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान, त्याला लागून माझं शिंपल्या घातलेल्या नूडलचं. मधे फळीची भिंत. कितीतरी वर्षं मला त्या फळीपलीकडून शिलाई मशीन ऐकू यायचं, माल्सुनताई कधी ऐकू आली नाही. गिऱ्हाईक पँट आखूड झाली म्हणून भांडायला आलं, तरी ही खाली मान घालून शिवण उसवायला लागायची. चूक गिऱ्हाइकाची असली तरी.

आमच्या गावात तेव्हा बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीचा फुटबॉल संघ होता. छातीवर सारस पक्षी, म्हणून सगळे त्यांना सारसच म्हणत. त्यांच्या सदऱ्यांवर आकडे शिवायचं काम माल्सुनताईकडे असायचं. एका शनिवारी सामना सुरू व्हायच्या जरा आधी एक माणूस धापा टाकत आला. गोलरक्षकाचा सदरा खांद्यावर उसवला होता आणि दुसरा धुवायला गेलेला. सदरा इकडे आणून परत न्यायला वेळ नव्हता, म्हणून ताईच सुईदोरा घेऊन त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली. गोलरक्षकाला भिंतीशी उभा करून, अंगावरच खांदा शिवला. काम झाल्यावर तो माणूस म्हणाला, "आता आलाच आहात तर बसा की." दमलीच होती, ती पहिल्या रांगेच्या कठड्याशी टेकली.

संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली. तोंड लालबुंद, घसा बसलेला.

"ह्वाजिन, आज मी ओरडले," ती म्हणाली.

मी कढईवरचं झाकण तसंच हातात धरून राहिले. "कोणावर?"

"कोणावरच नाही. नुसतीच ओरडले. त्या गोलरक्षकाने असा आडवा होऊन चेंडू काढला ना, तर मला वाटलं माझी शिवण जाते आता. 'सांभाळ रे!' म्हणून ओरडले. आणि मग थांबताच येईना."

"मग? गेली का शिवण?"

"छे!" ती म्हणाली, आणि मी दिलेलं पाणी एका दमात प्यायली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून अभिमानाचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तिथून पुढे गावातला एकही सामना तिने चुकवला नाही. शनिवारी दुपारी दुकानाचं शटर खाली. गोलच्या मागे उभं राहून गाणी म्हणणारी पोरंपोरी होती, त्यांच्यात ही एकटी चाळिशी उलटलेली. बेक दोह्युन नावाचा एक बसचालक तिथे ढोल बडवायचा. त्याने हिला आपल्या शेजारी जागा दिली. हिचा नवरा कीछल लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हे काही पचेना. एकदा माझ्याच दुकानात दोघांची जुंपली.

"नारेची आई," मुलीच्या नावाने तो हिला हाक मारायचा, "तिकडे बावीस गडी घाम गाळणार आणि तू कडेला उभी राहून बघणार. यात तुझं काय?"

"तुम्ही दर रविवारी मासे धरायला जाता आणि रिकामी टोपली घेऊन येता. त्यात तुमचं काय?"

"मी निदान गळ तरी हातात धरतो!"

"मीही कठडा धरते."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. कीछलने वाडग्यात तोंड घातलं, ते नूडल संपेपर्यंत वर काढलं नाही.

मग आमच्या देशात विश्वचषक झाला. सगळा देश लाल कपडे घालून चौकात उतरला. कीछलही गेला, घसा फोडून ओरडला, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडला. विश्वचषक संपला तसे सदरे कपाटात गेले. सारसांच्या पुढच्याच सामन्याला निम्मं स्टेडियम रिकामं होतं. ताईने नवऱ्याला विचारलं, "येता का?" तो म्हणाला, "ते वेगळं होतं गं. ते देशाचं होतं."

"आणि हे गावाचं नाही होय?" ती म्हणाली आणि एकटी निघाली.

त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात, किमची घालायच्या दिवसांत, बातमी आली. आम्ही बाजारातल्या बाया कोबीला मीठ लावत बसलो होतो. बेक बस थांब्यावरच सोडून पळत आला. उतारू आत बसलेले आणि हा आमच्यासमोर उभा. कंपनीने संघ हलवायचं ठरवलं होतं. दूर समुद्राकाठच्या मोठ्या शहरात विश्वचषकासाठी बांधलेलं भलंमोठं स्टेडियम रिकामं पडलं होतं, ते या संघाला मिळणार होतं. माल्सुनताईने मिठाचे हात तसेच अंगरख्याला पुसले.

दुसऱ्या दिवशी ताई, बेक आणि गाणी म्हणणारी ती पोरंपोरी कंपनीच्या फाटकावर गेले. एक अधिकारी बाहेर आला. अदबीने वागला, हे सांगायला हवं. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "संघ कंपनीचा आहे. तुम्ही प्रेक्षक आहात. देशात पुष्कळ संघ आहेत, तुम्हाला आवडेल तो दुसरा निवडा."

"पोरगी हरवल्यावर तुम्हाला कोणी म्हणालं, बाजारात दुसऱ्या पुष्कळ आहेत, तर चालेल का?" ताईने विचारलं.

अधिकारी पुन्हा वाकला आणि आत गेला. वसंत यायच्या आत संघ गेला. छातीवरचा सारसही गेला.

हंगामाचा पहिला शनिवार आला. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण सवयीने पाय तिकडेच वळले. स्टेडियमच्या फाटकाला कुलूप, आणि बाहेर चाळीसेक माणसं उभी. कोणाच्या गळ्यात सारसांचा हिरवा पंचा, कोणाच्या हातात भाताच्या गुंडाळ्यांचा डबा. बेकने ढोलही आणला होता. मौतीला जमल्यासारखे सगळे एकमेकांकडे बघत होते. त्या दिवशी ताईने मलाही ओढत नेलं होतं, म्हणाली, एकटीने जाववत नाही. एक जण म्हणाला, "चला, घरी जाऊ. इथे उभं राहून काय उगवणार आहे?"

तेवढ्यात नदीच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. पंचाची शिट्टी, ती ओळखायला या लोकांना वेळ लागत नाही.

"कोणीतरी खेळतंय," माल्सुनताई म्हणाली.

"शाळेच्या पोरी असतील काकू," बेक म्हणाला.

"मग? पोरी चेंडू हाताने मारतात का?"

नदीकाठच्या मातीच्या मैदानावर माध्यमिक शाळेच्या मुलींचा सामना चालला होता. बघायला दोन आया, प्रशिक्षकाची बायको आणि एक कुत्रा. त्यात आमचं हे ढोलासकट लटांबर जाऊन उभं राहिलं. मुली खेळायच्याच थांबल्या. प्रशिक्षक घाबरून जवळ आला.

"आपण कोणाचे पालक?"

"कोणाचेच नाही," ताई म्हणाली. "बघायला आलोय."

"काय बघायला?"

"फुटबॉल."

त्याला ते काही केल्या समजेना. पण बेकने ढोलावर टिपरी मारली आणि मुलींनी खेळ पुन्हा सुरू केला. आमच्या गावच्या पोरी दणकून हरल्या. चार गोल खाल्ले होते, पाचवा खाल्ला, तरी मागच्या फळीतली एक लहानखुरी पोरगी प्रत्येक चेंडूवर झेप घेत होती, गुडघे फुटले तरी उठत होती. ताईला तिचं नाव माहीत नव्हतं. "एय तीन नंबर! शाब्बास!" म्हणून ती ओरडत राहिली. सामना संपल्यावर मोठे संघ करतात तशा त्या मुली रांगेत आमच्यासमोर आल्या आणि कमरेत वाकल्या. आजवर वाकायला त्यांच्यासमोर कोणी नव्हतंच. तीन नंबरचं तोंड मातीने आणि रडण्याने बरबटलेलं, पण दात सगळे दिसत होते.

परत येताना ताई मागे वळून वळून मैदानाकडे बघत होती. मग म्हणाली, "संघ त्यांचा होता, नेला. डोळे तर आपलेच आहेत ना?"

त्या दिवसापासून या लोकांनी गावात जे कोणी चेंडूला लाथ मारेल ते बघायचा सपाटा लावला. टपालवाल्यांचा संघ, अग्निशमनवाल्यांचा, मासळी बाजाराचा. कुठे सामना आहे याची चौकशी बेक बस चालवता चालवता करायचा आणि ताई दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावायची. गाव हसलं. बाजारात त्यांना 'बिनवराचं वऱ्हाड' म्हणायला लागले. कीछल तर रोज नवीन टोमणा शोधून काढायचा. "आज कोण? न्हाव्यांविरुद्ध धोबी?" ताई म्हणायची, "न्हाव्यांना संघ नाही. असता तर गेलो असतो."

टपालवाल्यांचा गोलरक्षक गलेलठ्ठ, पन्नाशीचा होता. एकदा तो माझ्या दुकानात ताईसमोर हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही नका येऊ हो आमच्या सामन्यांना."

"का रे बाबा?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा गोल झाला की झाला. कोणाला पडलं होतं? आता तुम्ही बघताय म्हटल्यावर मला उडी मारावी लागते. कंबर गेली माझी!"

ताईला इतकं हसू आलं की तिला उचकी लागली. पुढे कित्येक दिवस ती हे जो भेटेल त्याला सांगायची. तिच्या दृष्टीने तिला मिळालेलं ते सर्वांत मोठं पदक होतं.

वर्षं गेली. सगळं असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पोरं नोकरीला राजधानीत गेली, लग्नं झाली, वऱ्हाड आटत गेलं. एका गारठलेल्या नोव्हेंबरमध्ये तर कठड्याशी आम्ही तिघंच होतो. ताई, बेक, आणि गरम रस्सा थर्मासमध्ये भरून नेलेली मी. त्या दिवशी मी तिला विचारलं, "ताई, खरं सांग. हे कशासाठी?"

ती म्हणाली, "तुला कधी कोणी नुसतं बघितलंय का? काम करून घ्यायला नाही, चूक काढायला नाही. तू चांगलं करावंस म्हणून, श्वास रोखून?"

 मी तिच्या पेल्यात रस्सा ओतला.

आपल्याला गावाचा स्वतःचा संघ हवा, नगरपालिकेने काढलेला, कोणी उचलून नेऊ शकणार नाही असा, ही मागणी त्यांनी पहिल्यापासून धरली होती. फिरून फिरून सह्या गोळा केल्या. अखेर नगरपालिकेत सुनावणी लागली. बोलायला माल्सुनताईला उभं केलं. मी चकित झाले, पण बेक म्हणाला, "काकूंचा आवाज स्टेडियमच्या पलीकडे जायचा. सभागृह काय चीज आहे?"

विरोधात होते नगरसेवक कू बोनिल. निवृत्त मुख्याध्यापक, सरळ माणूस, लोक मान द्यायचे. ते म्हणाले, "खेळायला मैदान मागा, मी आत्ता हात वर करतो. पण बघायला संघ? गावातल्या म्हाताऱ्यांना दिवसा बसायला धड जागा नाही. आणि बघणं हे काय काम झालं?"

ताई घोकलेलं सगळं विसरली. मला समोरून दिसत होतं, तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. मग ती एकदम म्हणाली, "सर, तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन व्हायचं ना?"

"व्हायचं."

"पोरं नाचायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"पहिल्या रांगेत बसायचो."

"बसून काय करायचात?"

कू सरांनी चष्मा काढला. "बघायचो," ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला. तेही हसले, पण मागे हटले नाहीत. "बाई, बोललात झकास. पण स्नेहसंमेलन वर्षातून एकदा असतं, आणि त्यासाठी पगारी नाचे ठेवावे लागत नाहीत."

आता हशा त्यांच्या बाजूने झाला. मतदान झालं, आम्ही हरलो. बाहेर पायऱ्यांवर बेक डोकं धरून बसला. ताई मात्र परत आत गेली. कू सर कागद आवरत होते.

"सर, शनिवारी मोकळे आहात का?"

"कशाला?"

"टपालवाले विरुद्ध मासळी बाजार. तुम्ही बघण्याबद्दल बोललात, पण बघितलंय कधी?"

शनिवारी ते आले, हे मान्य करायला हवं. टोपी घालून, हात मागे बांधून, आमच्यापासून चांगले दूर उभे राहिले, परीक्षेला पर्यवेक्षक उभा राहतो तसे. मध्यंतरात मी त्यांना रस्सा नेऊन दिला, तो त्यांनी आभार मानून घेतला. दुसऱ्या अर्ध्यात मासळीवाल्यांचा एक बारका पोरगा चेंडू घेऊन दोघांना चकवत सरळ गोलसमोर घुसला आणि मागून कोणीतरी त्याला उघडउघड पाय घालून पाडला. पंचाने हात हलवून खेळ चालू ठेवला.

"अहो, डोळे आहेत की भोकं!"

सगळे वळले. ओरडणारे कू सर होते. टोपी हातात, मान लाल. स्वतःच्या आवाजाने तेच दचकले होते. बेकच्या तोंडून हसू फुटणार तोच ताईने त्याला कोपर मारलं. ती स्वतः हसली नाही. नुसती जरा सरकली आणि कठड्याशी एका माणसापुरती जागा केली. कू सर आले आणि तिथे उभे राहिले. सामना संपेपर्यंत ते पंचाशी भांडत होते.

म्हणून लगेच सगळं गोड झालं, असं नाही. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: म्हाताऱ्यांचं केंद्र आधी. ताईलाही ते पटलं. केंद्रासाठीच्या सह्यांना तीच दारोदार हिंडली, आणि केंद्राचे पडदे तिनेच शिवले. मग एक निवडणूक गेली, आणि संघाचा ठराव पुन्हा आला तेव्हा कू सरांचा हात वर होता. ठराव पास झाला. बेकने ढोल सभागृहात आणला होता. पहारेकऱ्याने तो बाहेर ठेवायला लावला होता, म्हणून तो बडवायला सगळे बाहेर धावले.

नव्या संघाचा पहिला सामना झाला तेव्हा माल्सुनताई साठीला टेकली होती. स्टेडियमवर नवं गवत, आमच्या गळ्यात नवे पंचे, खेळाडूंच्या छातीवर नुसतं गावाचं नाव. इतकी माणसं आली की मला दुकान बंद ठेवावं लागलं. गिऱ्हाईक येणार कुठून, सगळे तिकडेच. खेळाडू मैदानावर आले ते आधी गोलच्या मागच्या बाजूला आले आणि रांगेने वाकले. कर्णधाराने ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "तुमच्याकडे संघ नव्हता तेव्हाही तुम्ही प्रेक्षक होतात. आता तुमचा संघ म्हणवून घ्यायचा मान आम्हाला कमवायचाय." ताई ताठ उभी होती, ध्वजारोहणाला उभी राहावी तशी. डोळे पुसले नाहीत. पुसायला हात कठड्यावरून काढावे लागले असते.

कीछलही आला होता. लेकीने राजधानीहून फोन करून सुनावलं होतं, "बाबा, आज गेला नाहीत तर मी घरी येणार नाही." तो शेवटपर्यंत अस्वस्थ बसला होता, कारण आमचा संघ हरत होता. हरलाच. बाहेर पडताना तो हिला म्हणाला, "एवढी वर्षं घालवून शेवटी हरले?"

"हरायला संघ तरी आहे ना आता," ती म्हणाली आणि बेकच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरायला लागली.

कीछल मागे राहिला. मला म्हणाला, "ह्वाजिन, या पोरांचा पुढचा सामना कधी आहे गं?"

आता ताईने सत्तरी ओलांडली आहे. शिलाईचं दुकान भाचीकडे दिलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उभं राहू नका सांगितलं, तर ती बसून ओरडते. बेक निवृत्त झाला, ढोल त्याच्याकडेच आहे. कीछल आता हिच्याहून जोरात ओरडतो आणि ऑफसाइड त्याला अजून समजत नाही. त्यावरून त्यांचं भांडण बाजारभर गाजतं. कू सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने अंत्यविधीला आमच्या सगळ्यांना निरोप धाडला होता, आणि आम्ही हिरवे पंचे काळ्या कपड्यांच्या आत घालून गेलो.

संघ दुसऱ्या श्रेणीत आहे, तळाला. परवा आमचा मधला बचावपटू, ताडमाड पोरगा, माझ्या दुकानात नूडल खायला आला. ताई कोपऱ्यातच बसली होती. "ये इकडे," ती म्हणाली. "शनिवारी तो दहा नंबरचा तुझ्या डाव्या बाजूने गेला तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"चेंडूकडे, आजी."

"चेंडूकडे आम्ही बघतो. तू माणसाकडे बघ."

पोरगा वाकून "हो" म्हणाला, जाऊन जागेवर बसला आणि वाडगं रिकामं करून दुसरं मागितलं. मी दिलं, पण त्यात शिंपल्या जरा कमीच घातल्या. जिंकून ये म्हटलं, मग बघू.